पहिला मासा पाण्याचा

एल्सपेथ किनकेडला पाण्यातला मासा दिसतो, हे अख्ख्या वायमेरे गावाला ठाऊक होतं. दिसतो म्हणजे तुम्हाआम्हाला दिसतो तसा नव्हे. आपल्याला कुणीतरी बोट दाखवून, 'तो बघ, त्या दगडापुढे, अगं नाही, त्या दुसऱ्या दगडापुढे' असं करून घसा कोरडा पाडावा लागतो, तेव्हा कुठे आपण 'हो हो, दिसला' म्हणतो, आणि तेही बहुतेक वेळा खोटंच. एल्सपेथ काठावर उभी राहायची, टोपी पुढे ओढायची आणि म्हणायची, "दोन आहेत. मागचा मोठा. पुढच्याच्या वाटेला जाऊ नका, तो चिडका आहे." आणि मासे तिथे असायचे.

आमच्या डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी इतकं नितळ असतं की कमरेएवढ्या खोलीत तळातली वाळू मोजावी. त्यात कुठेही गळ टाकून बसलं तर दिवस जातो आणि हाती फक्त माश्यांचे चावे लागतात. आधी ट्राउट मासा दिसला पाहिजे, मग त्याच्या मागून दबकत जाऊन त्याच्यापुढे पिसांची खोटी माशी टाकायची. म्हणून इथे दोघांनी जायची रीत. एकाने काठावरून बघायचं, दुसऱ्याने टाकायचं, आणि मासा लागला की मुकाट्याने काठी दुसऱ्याच्या हाती द्यायची. ही आळीपाळी मोडणाऱ्याबरोबर पुन्हा कुणी जात नाही. यावरून एक लग्नही मोडलेलं आमच्या गावाला माहीत आहे.

एल्सपेथ मेंढपाळाची मुलगी. खोऱ्याचा रस्ता जिथे संपतो आणि नुसतं पिवळं गवत नि बीचच्या झाडांचं रान सुरू होतं, तिथल्या घरात जन्मली. आयुष्यभर शाळेची बस चालवली. नवरा ऑस्ट्रेलियात खाणीवर कामाला म्हणून गेला आणि तिकडेच रमला. "त्याला मासे कधी दिसलेच नाहीत," एवढंच ती त्याच्याबद्दल बोलायची, आणि तेवढ्यात त्याचा निकाल लावून टाकायची. दर वर्षी हंगाम उघडायच्या आधी रग्बीच्या मैदानावर ती नवशिक्यांना गोळा करायची. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून गवतावर दोर टाकायला शिकवायची. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांनी तिच्या शिव्या खाऊन काठी धरली होती.

आणि आता तिला मासे दिसत नव्हते.

मासेच काय, ज्याच्याकडे थेट बघावं ते दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध राखाडी डाग पडला होता. माणसाकडे बघितलं की त्याचे कान दिसायचे, टोपी दिसायची, आणि चेहरा असायचा तिथे धूर. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं की कडेचं दिसत राहील, मधलं येणार नाही. एल्सपेथने मान डोलावली, घरी आली आणि गाडी शेडमध्ये ढकलून ठेवली. लोकांना सांगितलं, इंजिन बसलं. मैदानावरचे धडे बंद केले. लोकांना सांगितलं, खांदा धरला. एवढी सरळ बाई इतकं सफाईदार खोटं बोलू शकेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून सगळ्यांनी विश्वास ठेवला.

फेब्रुवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात, एका सकाळी हुईया तामाती फाटकापासूनच ओरडत आली.

"एल्सपेथ! आहेस का, की मेलीस आतल्या आत?"

"मेले असते तर आधी तुझ्या स्वप्नात येऊन ओरडले असते. ये."

हुईया म्हणजे लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीची स्वयंपाकीण. हंगामभर शेडमागून शेड हिंडून चाळीस-चाळीस पुरुषांना पाच वेळा जेवू घालणारी, आवाजही त्याच मापाचा. गेलं वर्षभर मात्र ती घरीच होती. तिची आई, सगळ्या गावाची आजी, नॅनी रिपेका, नव्वदीच्या पुढची, अंथरुणाला खिळली होती. आज हुईयाचा आवाज स्वयंपाकघरात आल्यावर बारीक झाला.

"आई जेवत नाहीये गं. चमचा पुढे केला की तोंड मिटून घेते. नर्स म्हणते, आता असंच, आता जबरदस्ती करू नका." ती खुर्चीत बसली. "काल रात्री एकदम म्हणाली, ट्राउट असता तर खाल्ला असता. मामा आणायचा ना डोंगरातून, तसा. तेवढं एक काम कर माझं. एक ट्राउट आणून दे."

आमच्या देशात ट्राउट विकत मिळत नाही. विकणं गुन्हा आहे. दुकानात नाही, हॉटेलात नाही, पैशाचं पोतं ओतलंत तरी नाही. एक तर स्वतः धरायचा, नाहीतर कुणीतरी जिव्हाळ्याने आणून द्यायचा. हुईयाचे मुलगे पर्थला होते, आणि गावातले मासे धरणारे सगळे पावसाच्या आत गवत कापून घेण्यात बुडाले होते. उरली एल्सपेथ. मागच्या वर्षीपर्यंत तिने 'संध्याकाळी आणते' म्हटलं असतं आणि आणलाही असता.

"आणून देणार नाही," एल्सपेथ म्हणाली.

हुईया नुसती बघत राहिली असणार. एल्सपेथला तिचे कानातले डूल तेवढे दिसत होते.

"शिकवीन. तूच धर."

"वेड लागलंय का तुला? मला चौसष्टावं लागलंय! मी आजवर मासा धरलाय तो फक्त शेपटीला, ताटात!"

"आईसाठी धरायचाय ना? मग स्वतः धर."

हे बोलताना एल्सपेथला स्वतःचीच शिसारी आली. तिकडे म्हातारी उपाशी, आणि ही बाई आपली अब्रू झाकायला मास्तरीण होऊन बसली होती. पण 'मला दिसत नाही' हे तीन शब्द घशातून वर येईनात. ते एकदा बाहेर पडले की नदी संपली, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"गेल्या हिवाळ्यापासून तू फार खडूस झालीयेस," हुईया उठत म्हणाली. "पण माझ्याकडे दुसरं कोण आहे? उद्या ये. आमच्याच अंगणात शिकव, आईवर लक्ष राहील."

मग तीन-चार दिवस तामातींच्या अंगणात शाळा भरली. हुईयाने टोळीच्या जेवणाच्या पत्र्याच्या थाळ्या गवतावर मांडल्या, आणि लोकरीचा तुकडा थाळीत पडला पाहिजे असा नियम झाला. थाळीत पडला की टण्ण आवाज व्हायचा, त्यामुळे एल्सपेथला न बघताही कळायचं. नॅनी रिपेकाचा पलंग खिडकीशी ओढला होता. अन्न जात नव्हतं तरी म्हातारीच्या जिभेला काही झालं नव्हतं.

"हुईया, चादर झटकतेस की मासा धरतेस?" खिडकीतून आवाज यायचा.

"तू झोप गं!"

"झोपू कशी? माझ्या म्हातारपणी माझी लेक थाळ्यांना चाबूक मारतेय."

"मागे दोर गेला की थांब," एल्सपेथ सांगायची. "दोराला मागे पुरता उलगडू दे. घाई केलीस की तो तुझ्याच गळ्यात पडतो. ताकद नको लावूस, तू मेंढी उचलत नाहीयेस."

दोर हवेत कसा जातो हे एल्सपेथ आवाजावरून ओळखत होती. घाईचा दोर फटकन वाजतो, नीट गेलेला दोर नुसता श्वास सोडतो. शनिवारी सकाळी तिने ओळीने तीन वेळा तो श्वास ऐकला, आणि पाठोपाठ टण्ण. "चल," ती म्हणाली. "आता पाण्यावर."

शेजारीण नॅनीपाशी बसली. हुईयाने गाडी काढली. टॅलिस ओढ्याच्या पुलाशी दोघी उतरल्या आणि काठाकाठाने वर निघाल्या. सिकाडा किडे रानात कानठळ्या बसवत होते. उन्हाळ्यात हे किडे पाण्यात पडतात आणि ट्राउट त्यांच्यासाठी जीव टाकतो, म्हणून एल्सपेथने दोराला हिरव्या सिकाड्यासारखीच माशी बांधली होती, बोटांनी चाचपून, पाठ वळवून. चालताना ती एकदाही अडखळली नाही. या ओढ्याचे दगड तिच्या पायांना पाठ होते.

पहिल्या डोहाशी ती थांबली. खाली वाकून बसली. हुईयालाही खांदा दाबून बसवलं.

"काय दिसतं सांग."

"पाणी."

"पाण्यात?"

"दगड."

"कसले?"

"दगडासारखे दगड! तूच बघ ना, मासे तुला दिसतात, मला नाही."

"मी सांगितलं तर तू शिकशील कशी?" या उत्तराचा एल्सपेथला दिवसभर आधार होता. "मासा शोधू नकोस. मासा दिसत नसतो. सावली शोध. कुठल्या दगडाची सावली हलतेय का बघ."

बराच वेळ काहीच नाही. पाण्याचा आवाज, किड्यांचा आवाज. मग हुईया म्हणाली, "एक आहे. दगड हलत नाही पण सावली हलतेय." आणि मग अगदी हळू, "एल्सपेथ. तो दगड नाहीये."

एल्सपेथने टोपी पुढे ओढली.

"शेपटी आहे त्याला. बाई गं. इतका वेळ मी त्याच्याकडेच बघत होते. पाणी एवढं जोरात वाहतंय आणि हा जागचा ढळत नाहीये. नुसता टांगलाय पाण्यात. त्याने तोंड उघडलं! आत पांढरं आहे. पुन्हा उघडलं." तिने एल्सपेथचं मनगट घट्ट धरलं होतं. "हे सगळे दिवस हे इथे असंच चालू असतं? मी इथून किती वेळा गेले असेन. शेडवर जाताना वरच्या पुलावरून. कधी खाली बघितलंच नाही."

एल्सपेथच्या अंगावर काटा आला. लहानपणी तिच्या बापाने तिला पहिला मासा दाखवला तेव्हा ती अशीच बोलली होती, शब्द वेगळे असतील. इतक्या वर्षांत, इतक्या मासे धरणाऱ्यांत, तो सगळा नवलाचा धक्का ती विसरून गेली होती. मासा दिसणं तिला श्वास घेण्याइतकं सवयीचं झालं होतं. आज मासा तिला दिसत नव्हता, आणि हुईयाच्या आवाजात तो तिला पूर्ण दिसला, कल्ल्यांसकट.

हुईयाने दोर टाकला. चांगला टाकला. माशी पाण्यावर येऊन बसली आणि वाहू लागली.

"येतोय," हुईया कुजबुजली. "वर येतोय, सावकाश, किती सावकाश, तोंड..." आणि तिने काठी अशी खेचली की माशी उडून एल्सपेथच्या टोपीत रुतली.

"काढून घेतलीस त्याच्या तोंडातून," एल्सपेथ टोपी काढत म्हणाली. "आमच्या इथला ट्राउट म्हातारा असतो, त्याला घाई नसते. तो माशी घेतो, तोंड मिटतो, खाली वळतो, तेव्हा काठी उचलायची. माझा बाप सांगायचा, मनात म्हण, राणी चिरायू होवो, आणि मग उचल. खोऱ्यात सगळे तेच म्हणतात."

"आता राजा आहे."

"माशांना अजून कळवलेलं नाही."

"ते काही असो. माझ्या पणजोबांची जमीन घेणाऱ्या राणीसाठी मी आयुष्य मागणार नाही, आणि तेही माशासमोर!" हुईयाने नाक उडवलं. "दुसरं काहीतरी सांग."

"दिवसभर जे म्हणतेस ते म्हण. तेवढ्याच लांबीचं."

हुईयाने विचार केला. "दिवसभर मी एकच म्हणते. 'आले गं आई, आले.'"

वरच्या डोहात तिला दुसरा मासा दिसला. या वेळी एल्सपेथने विचारायच्या आत दिसला. दोर गेला, माशी बसली, आणि हुईयाचा आवाज आला, मनात नव्हे, चांगला मोठ्याने: "आले गं आई, आले." आणि काठी वर गेली आणि काठीवरची दोराची फिरकी किंचाळू लागली.

पुढचं सगळं एल्सपेथने कानांनी बघितलं. मासा खालच्या धारेकडे पळाला तेव्हा फिरकीचा आवाज बारीक झाला. हुईया ओढ्यातून त्याच्या मागे धावली, पडली, शिव्या देत उठली. "काठी वर! दोर ओढू नकोस, जाऊ दे त्याला, दमू दे!" एल्सपेथ काठावरून ओरडत होती. शेवटी ती पाण्यात उतरली, जाळी धरून उभी राहिली, आणि जाळीत एकदम वजन आलं. तिने दोन्ही हात आत घातले. थंडगार, घट्ट, तिच्या कोपरापासून बोटांच्या टोकांच्याही पुढे जाणारा जीव.

"सांग कसा आहे," ती म्हणाली.

"लोण्याच्या रंगाचा," हुईया धापा टाकत म्हणाली. "पोटाला. पाठ काळपट. अंगभर ठिपके, काळे, आणि प्रत्येक ठिपक्याला फिकट कडं. आणि लाल, थोडे लाल. कुणी बसून काढले हे?" ती रडत होती की हसत होती कळत नव्हतं.

एल्सपेथने कमरेची छोटी दांडकी काढली. एक घाव डोक्यात घातला की माशाला कळतही नाही.

"थांब," हुईया म्हणाली.

एल्सपेथ थांबली. का ते तिला लगेच कळलं. आयुष्य हुईयाच्या लोकांच्या, इथल्या मूळ रहिवाशांच्या, शेजारात गेलं होतं.

"पहिला आहे," हुईया म्हणाली. "पहिला तांगारोआचा."

"तांगारोआ समुद्राचा देव ना गं. इथून समुद्र कुठे."

"हे पाणी कुठे जातं?"

एल्सपेथने दांडकी खाली केली. मग म्हणाली, "म्हातारी तिकडे उपाशी आहे, हुईया. पुन्हा मिळेलच असं नाही. नवशिक्याला एका दिवसात दोन कुणाला मिळाले नाहीत अजून."

"ती पहिलं हेच विचारेल. चमचा तोंडाशी न्यायच्या आधी विचारेल, पहिला सोडलास का. आणि तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही. आयुष्यात जमलेलं नाही." तिने एल्सपेथच्या हातातली जाळी घेऊन पाण्यात खाली केली. दोन्ही हातांनी माशाला धारेकडे तोंड करून धरलं आणि तिच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मासा थोडा वेळ तिच्या हातांत तसाच राहिला. त्याचे कल्ले उघडत मिटत होते, हुईया ते मोजल्यासारखं 'आता, आता' म्हणत होती. मग तिच्या तळव्यांना धक्का देऊन तो गेला.

दोघी पाण्यात उभ्या राहिल्या. ज्या गोष्टीसाठी ही बाई आली होती, जी तिच्या आईला दोन दिवस जगवू शकली असती, ती तिने हातातून सोडून दिली होती आणि तिच्या श्वासात पश्चात्ताप नव्हता. एल्सपेथने आयुष्यात शेकडो मासे सोडले होते, पण ते सगळे तिला नको असलेले होते. तिला हुईयापुढे वाकावंसं वाटलं. ती वाकली नाही, किनकेड घराण्यात ती पद्धत नाही, पण वाटलं हे खरं.

हुईयाने ओली काठी तिच्या हातात दिली. "आता नंबर तुझा."

"तूच धर अजून एक."

"रीत मोडायची? तू? अख्ख्या गावाला आळीपाळीवरून फाडून खाणारी?" हुईया हसली. "धर. तू तर एका दमात काढशील. आई वाट बघतेय."

काठी एल्सपेथच्या हातात होती. शब्द आले.

"मला दिसत नाही."

"काय?"

"मासा. तुझं तोंड. मधलं काहीच. डॉक्टरांनी सांगितलंय, येणार नाही. म्हणून तुला शिकवलं. आणून द्यायचा नव्हता असं नाही, मला जमणार नव्हतं."

एल्सपेथ वाट बघत होती की आता हुईया म्हणेल, मला आधीच कळलं होतं. लोक तसं म्हणतात. हुईया तसं म्हणाली नाही.

"मला अजिबात कळलं नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. दुकानात तू माझ्या अंगावरून गेलीस, एकदा नाही, कितीदा. मी हात केला, तू बघितलंच नाहीस. मी घरी जाऊन आईला म्हटलं, पाकेहा शेवटी पाकेहाच, गोरी ती गोरीच. गेल्या हिवाळ्यापासून मी तुझ्या नावाने खडे फोडतेय."

"तुझा चेहरा दिसत नव्हता गं."

"मग तोंड होतं ना सांगायला!" हुईया ओरडली, आणि मग तिने एल्सपेथला मिठी मारली. ओले कपडे ओल्या कपड्यांना चिकटले. "गाढव आहेस तू. चल. उशीर होतोय. मी बघते, तू टाक."

दोघी वर गेल्या. तिसरा डोह मोठा होता. बीचची एक फांदी पाण्यावर वाकलेली होती, एवढं एल्सपेथला आठवत होतं. हुईया काठावर चढून आडवी पडली. बराच वेळ गेला.

"आहे," ती वरून कुजबुजली. "फांदीखाली. किड्यांची वाट बघतोय."

"किती लांब?"

"लांब म्हणजे... तू जिथे आहेस तिथून, टोळीची जेवणाची टेबलं असतात ना? तसली दोन. नाही, दोन आणि वर एक बाक."

"कुठल्या बाजूला?"

"टेबलाच्या टोकाला मुकादम बसतो, तिथून डावीकडचा दुसरा माणूस."

आयुष्यात एल्सपेथने असलं माप ऐकलं नव्हतं, पण टोळीच्या टेबलावर ती जेवली होती. तिने डोळे मिटले. उघडे ठेवून तो राखाडी डाग तेवढा मध्ये आला असता. दोर मागे गेला, श्वास सोडला, पुढे गेला.

"आखूड. एक ताट आखूड."

पुन्हा.

"बरोबर! बरोबर पडली, वाहतेय, त्याने बघितली. वळला. येतोय, एल्सपेथ, हा पहिल्यासारखाच, काही घाई नाही मेल्याला, नाक बाहेर काढलं... घेतली! घेतली!"

प्रत्येक स्नायू उचल म्हणत होता. आधी तिच्या डोळ्यांनी तोंड मिटताना बघितलं असतं, आता फक्त एका स्वयंपाकिणीच्या शब्दावर थांबायचं होतं. ती थांबली. राणी चिरायू होवो, ती मनात म्हणाली, पुरतं म्हणाली, आणि काठी उचलली.

काठीत जीव आला. अंधारातून कुणीतरी हात धरून ओढावं तसा. एल्सपेथच्या तोंडून आवाज निघाला, लहान मुलीचा निघावा तसा, आणि तिला त्याची लाज वाटली नाही. बापाने पहिली काठी हातात दिली तेव्हापासून मासे तिने आधी डोळ्यांनी धरले होते आणि मग हातांनी. हा एकच तिने नुसता हातांनी धरला, आणि तो त्या सगळ्यांहून मोठा वाटला. मोठा नव्हता. हुईयाने जाळीत घेऊन सांगितलं, पहिल्यापेक्षा वीतभर कमी.

दांडकीचा घाव एल्सपेथने घातला. मग सवयीने दगडावर मासा ठेवला, सुरी काढली, पोट साफ केलं आणि पातं कल्ल्यांमागे टेकवलं. डोकं ती नेहमी तिथेच कापून ईल माशांना टाकायची.

"ए!" हुईयाची किंकाळी रानात घुमली. तिने एल्सपेथचं मनगट धरलं. "काय करतेस?"

"डोकं काढतेय."

"डोकं! डोकंच तर तिला हवंय! खायचं काय असतं माशात दुसरं?"

"मी जन्मभर ते फेकत आलेय."

"म्हणून तुम्ही लोक असे," हुईया म्हणाली आणि मासा अख्खा उचलून नेच्याच्या पानांत गुंडाळला.

तामातींच्या स्वयंपाकघरात डोकं बटाटे-कांद्याबरोबर उकळायला पडलं आणि बाकीचा मासा लोण्यात. वास घरभर गेला. एल्सपेथ नॅनीच्या पलंगाशी बसली होती. हुईया वाडगा घेऊन आली.

"पहिला सोडलास?" नॅनी रिपेकाने विचारलं.

"सोडला."

"मोठा होता?"

"याच्याहून मोठा."

"मग नीट सोडलास," म्हातारी म्हणाली. "मला बसव."

तिने चमचा बाजूला सारला. बोटांनी गालाचं मांस काढलं, ते खाल्लं. मग डोळा. मग हाडं एकेक करून तोंडात घेऊन चोखू लागली. एल्सपेथला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तो आवाज ऐकू येत होता. सावकाश, पोटभर, कुणाची पर्वा न करता जेवणाऱ्या माणसाचा आवाज. हुईया श्वास रोखून उभी होती. वाडग्यात हाडं पडत राहिली.

"लोण्यातला पण आण," नॅनी म्हणाली. तो आला. खाता खाता तिने मान वळवली. "काय गं मास्तरीण, कसा दिसत होता हा पाण्यात?"

एल्सपेथने मांडीवरचे हात घट्ट धरले. शेजारीण अजून दारात होती, उद्यापर्यंत सगळ्या गावात होणार होतं.

"मी बघितला नाही, नॅनी. माझे डोळे गेलेत. हुईयाने बघितला, मी नुसता धरला."

म्हातारी चावत राहिली. घास गिळला.

"मग हिला नेत जा," ती म्हणाली. "घरात नुसती माझ्या उशाशी बसून उसासे टाकते. उद्या जा दोघी."

"उद्या रविवार आहे, आई. चर्च आहे."

"देवाला मी सांगते. उद्या जा. मला उद्या पण भूक लागणार आहे."

हुईयाने रिकामा वाडगा उचलला आणि आत गेली. तिने नळ मोठा सोडला, आणि एका वाडग्याला लागतं त्याहून बराच जास्त वेळ तो वाहत राहिला.